दोन टक्क्यांच्या खाली

निवृत्तीनंतर हातात आलेली रक्कम कुठे ठेवायची, एवढाच मूळ प्रश्न होता. मामा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, मुक्काम अंबाजोगाई. भाची मुंबईत एका म्युच्युअल फंड कंपनीत संशोधनाचे काम करणारी. दिवाळीला आली असताना तिने मामांना काही पैसे ईएसजी फंडात ठेवायला सुचवले. पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन बाबतींत बऱ्या ठरलेल्या कंपन्यांचेच शेअर असा फंड घेतो. "परतावा इतर फंडांच्या आसपासच मिळेल, शिवाय पैसा चांगल्या कामाला लागेल," ती म्हणाली.

मामांची सगळी नोकरी कर्जखात्यात गेलेली. त्यांनी त्या खात्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न विचारला, "कामाला लागेल म्हणजे कुणाच्या हातात पडेल?"

प्रश्न साधा, पण अडचणीचा. बाजारात आपण शेअर घेतो तेव्हा पैसे कंपनीला मिळत नाहीत, तो शेअर विकणाऱ्याला मिळतात. कंपनीच्या तिजोरीत भर पडते ती आयपीओच्या वेळी, किंवा तिने नवे शेअर वा रोखे विक्रीला काढले तर. भाचीने हे मान्य केले.

"मग मी सिगारेटच्या कंपनीचा शेअर विकला, तर तो दुसरा कुणी घेणार. कंपनीचं काय बिघडलं?"

"एकट्याने विकला तर काही नाही. हजारोंनी विकला तर बिघडतं," भाची म्हणाली आणि तिने दक्षिण आफ्रिकेचा दाखला दिला. १९८०च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी धरणे धरले. वर्णद्वेषी राजवटीत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांमधून विद्यापीठांनी आपला पैसा काढावा, ही त्यांची मागणी होती. १९८६मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने सुमारे ३ अब्ज डॉलरची गुंतवणूक काढून घ्यायचे ठरवले. पुढे ती राजवट गेली.

मामांना ही गोष्ट ठाऊक होती, पण तिची दुसरी बाजूही ठाऊक होती. राजवटीला खरा हिसका बसला तो जुलै १९८५मध्ये, चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण नाकारले तेव्हा. पाठोपाठ इतर बँकांनीही हात आखडता घेतला, रँड हे तिथले चलन कोसळले, तिथला शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि सरकारला कर्जफेड थांबवावी लागली. शेअर विकण्याच्या मोहिमेचा शेअरच्या भावावर किती परिणाम झाला, हे तीन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासले. १९९९च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष होता, जवळपास काहीच नाही. "घाव कर्ज देणाऱ्याने घातला. शेअर विकणाऱ्याने फक्त मालक बदलला," मामा म्हणाले.

"पण तो घाव घालायला बँकेला भाग कुणी पाडलं? आणि त्याच १९८६मध्ये अध्यक्ष रेगनचा नकाराधिकार ओलांडून अमेरिकेच्या काँग्रेसने निर्बंधांचा कायदा केला, तो कुणाच्या दबावाखाली?" भाचीने विचारले. भाव पडला नसेल, पण त्या कंपन्यांत पैसा ठेवणे लाजिरवाणे ठरले, आणि लाजेचे रूपांतर कायद्यात झाले. या मुद्द्यावर तिचे पारडे जड आहे, असे म्हणायला हवे. मोहिमेची ताकद किती शेअर विकले गेले यात नव्हती. वीस वर्षे जी गोष्ट व्यवहार म्हणून चालली होती ती मोहिमेने नीतीचा प्रश्न म्हणून चव्हाट्यावर आणली, यात होती.

हाच उलगडा आपल्या देशात, ओडिशातल्या नियमगिरीत, अधिक स्पष्ट दिसतो. कालाहांडी आणि रायगडा जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव. त्याच्या माथ्यावर बॉक्साइट, आणि पायथ्याशी लांजीगढला वेदान्त कंपनीचा अॅल्युमिना कारखाना. २००७मध्ये नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने पर्यावरणाची हानी आणि मानवी हक्कांचे उल्लंघन या कारणांसाठी लंडनच्या बाजारात नोंदलेल्या वेदान्त रिसोर्सेसला आपल्या यादीतून वगळले. या निधीची नैतिकता परिषद २००४पासून काम करते आणि कंपनी का वगळली याची कारणे सविस्तर प्रसिद्ध करते. फेब्रुवारी २०१०मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही आपले शेअर विकले. भाचीच्या मते ही जबाबदार गुंतवणुकीची सगळ्यात मोठी कमाई. ओडिशातल्या पाड्यावरच्या माणसाचे म्हणणे ओस्लोत ऐकले गेले.

"ऐकलं गेलं, पण खाण थांबली का?" मामांनी विचारले. तेवढ्याने थांबली नव्हती. ऑगस्ट २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की निर्णय ग्रामसभांनी घ्यावा. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी एकमुखाने नकार दिला. वनहक्क कायदा २००६मध्ये झाला नसता, तर त्या ग्रामसभांना विचारलेही गेले नसते.

पुढचा भाग मामांनी अधिक कळकळीने सांगितला. मे २०१८मध्ये तमिळनाडूत तुतुकुडीला वेदान्त समूहाच्याच स्टरलाइट तांबे कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसे गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वेदान्त रिसोर्सेस लंडनच्या बाजारातून बाहेर पडली. मालकाने बाकीचे शेअर विकत घेतले आणि कंपनी खासगी केली. ज्या वार्षिक सभेच्या दारात आंदोलक दरवर्षी उभे राहत, ती सभाच उरली नाही. "लाज वाटणारा भागधारक निघून जातो आणि न वाटणारा मालक राहतो," मामा म्हणाले. भाचीकडे याला उत्तर नव्हते, आणि नाहीच. नीतीने वागणारा गुंतवणूकदार बाहेर पडला की आतला प्रश्न विचारणारा आवाजही बाहेर पडतो. या मार्गाची ही खरी मर्यादा आहे.

"म्हणूनच आता बाहेर पडण्यापेक्षा आत राहून मत देण्यावर भर आहे," भाची म्हणाली. एप्रिल २०२२पासून बाजार नियामक सेबीने म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मतदान सक्तीचे केले आहे. फंड ते मत कारणासह संकेतस्थळावर टाकतात. २०२३च्या नियमांनुसार ईएसजी फंडांना तर पर्यावरण, समाज की कारभार, यांपैकी कोणत्या कारणाने मत दिले हेही सांगावे लागते. या मतांनी काही होते का? होते. २०१४मध्ये टाटा मोटर्सच्या छोट्या भागधारकांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठराव फेटाळले. मे २०२४मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांनी स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी टप्प्याटप्प्याने ४.५ वरून ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव पाडला.

मामांनी तिला तिथेच अडवले. "रॉयल्टी वाढली असती तर कुणाचा नफा घटला असता? भागधारकाचा. म्हणजे त्याने स्वतःचा खिसा राखला. याला नीती कशी म्हणायची?" नेस्लेचे उदाहरण पुढे नेले तर त्यांचा मुद्दा आणखी टोकदार होतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने दाखवून दिले होते की, सेरेलॅक या बाळांच्या आहारात युरोपात वरून साखर घातली जात नाही, पण भारतासारख्या देशांत घातली जाते. महिन्याभराने भागधारकांनी बंड केले ते रॉयल्टीवर. साखरेवर ठराव मांडायचा तरी कुणी? अमेरिकेत तीन वर्षे २ हजार डॉलरचे शेअर सांभाळलेला साधा भागधारकही वार्षिक सभेपुढे ठराव ठेवू शकतो. आपल्या २०१३च्या कंपनी कायद्यात त्यासाठी एक दशांश मताधिकार हाताशी लागतो. एवढा वाटा असलेला माणूस बहुधा प्रवर्तकच असतो.

अमेरिकेतली ती वाटही आता अरुंद होत आहे. मे २०२१मध्ये 'इंजिन नंबर वन' या लहानशा फंडाने अवघ्या ०.०२ टक्के शेअरांच्या बळावर मोठ्या निवृत्तिवेतन निधींना सोबत घेऊन एक्सॉनमोबिलच्या संचालक मंडळावर आपले तीन सदस्य निवडून आणले. जबाबदार गुंतवणुकीच्या बाजूने बोलणारे सगळे हे उदाहरण देतात. त्यानंतरचे मात्र कमी सांगितले जाते. २०२३च्या ऑक्टोबरात एक्सॉनने पायोनियर ही तेल कंपनी सुमारे ६० अब्ज डॉलरला घ्यायचे जाहीर केले, आणि २०२४च्या जानेवारीत हवामानबदलावर ठराव मांडणाऱ्या दोन गुंतवणूकदार गटांवर थेट खटला भरला. त्यांनी ठराव मागे घेतला.

कंपन्यांना या तीन बाबतींत मिळणाऱ्या मानांकनांवर दोघांचे फारसे भांडण झाले नाही. सत्यमला सप्टेंबर २००८मध्ये कंपनी कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००९मध्ये हजारो कोटींचा खोटा ताळेबंद उघडा पडला. फोक्सवॅगन २०१५मध्ये शाश्वततेच्या निर्देशांकात अग्रभागी असतानाच तिच्या डिझेल गाड्यांची लबाडी पकडली गेली. आयटीसीला तर पाणी, कचरा आणि कर्बवायू यांच्या हिशोबावर उत्तम श्रेणी मिळते. तंबाखूने भारतात दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात, तो हिशोब त्या श्रेणीत बुडून जातो. या कंपनीत आयुर्विमा महामंडळाचा सुमारे १५ टक्के वाटा आहे. विमा कंपन्यांनी लोकांचा पैसा तंबाखूत ठेवू नये म्हणून २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. याचिकाकर्त्यांत तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या महाराष्ट्राच्या एका माजी मंत्र्यांच्या पत्नी होत्या. "अशा कंपन्या मीही माझ्या यादीत धरत नाही," भाची म्हणाली, आणि मामांनी ते ऐकून घेतले.

मग मामा ऊसतोडीवर आले. बीड जिल्ह्यातला माणूस तिथे येणारच.

दिवाळीच्या सुमारास या भागातल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर जाताना दिसतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत पत्र्याची पेटी, कोपी उभारायचा कागद, भांडी, शेळी आणि वर बसलेली पोरे. पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या कारखान्याला निघालेले हे कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते. बाई मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. पाळीच्या दिवसांचाही खाडा होतो. कंबर, पोट दुखते म्हणून दवाखाना गाठलेल्या कितीतरी बायकांना पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. राज्य सरकारच्या समितीने २०१९मध्ये बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मार्च २०२४मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवले की, इथल्या कारखान्यांची साखर कोका-कोला आणि पेप्सिको यांच्यापर्यंत जाते. जगभरच्या फंडांत ज्यांचे शेअर आहेत अशा या कंपन्या.

"तुझ्या फंडाच्या अहवालात या बायका कुठे आहेत?" मामांनी विचारले.

भाचीचे उत्तर प्रामाणिक होते. सेबीच्या नियमाप्रमाणे देशातल्या पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३पासून सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कर्मचारी, अपघात, पाणी, वेतन असे सगळे येते. पण मजूर मुकादमाचा, मुकादम ठेकेदाराचा. कारखान्याच्या हजेरीपटावर कोयता नसतो. साखर घेणाऱ्या कंपनीने आपल्या पुरवठादारांची माहिती द्यावी असा पुढचा टप्पा आखला होता, पहिल्या २५० कंपन्यांसाठी. तो व्यवसाय सुलभतेच्या नावाखाली वर्षभर पुढे ढकलला आणि २०२५-२६पासून ऐच्छिक केला. शिवाय एकूण खरेदीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा त्याहून जास्त, त्याच पुरवठादाराची माहिती द्यायची. बिस्किटाच्या कंपनीने पन्नास कारखान्यांकडून थोडी थोडी साखर घेतली, तर एकही कारखाना त्या रेषेवर येणार नाही. बीडची बाई त्या २ टक्क्यांच्या खाली राहते. कंपनी चोख अहवाल देईल, मानांकन वाढेल, फंड शेअर घेईल, आणि यात कुणीही नियम मोडलेला नसेल.

यानंतर मामा जे बोलले ते या वादात सगळ्यात मोलाचे होते. पैसा कुठून कुठे जातो हे त्यांना वर्षानुवर्षे दिसत होते. हंगामाआधी बँक कारखान्याला पूर्वहंगामी कर्ज द्यायची. कारखाना ठेकेदाराला आगाऊ रक्कम द्यायचा, ठेकेदार मुकादमाला, आणि मुकादम तीच उचल म्हणून कोयत्याच्या हातावर ठेवायचा. "आमच्या बँकेतून निघालेला रुपया त्या बाईच्या मानेवर कसा जाऊन बसतो, हे कागदावर सरळ दिसायचं," ते म्हणाले.

"मग कर्ज देताना बँकेने अट का घातली नाही?" भाचीने विचारले. "मजुरांची नोंद, फडात शौचालय, पाळीच्या दिवसांचा खाडा नाही, एवढ्या अटी कर्जाच्या कागदात बसल्या असत्या. मी जे म्हणते आहे ते हेच तर आहे. २००३मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकांनी इक्वेटर तत्त्वं स्वीकारली, त्यात वेठ आणि बालमजुरीविरुद्धच्या अटी आहेत. धरणं, खाणी, कारखाने यांच्या मोठ्या कर्जांना त्या लावतात. साखरेच्या कर्जाला का नाहीत?"

मामा थोडे थांबले. "एकट्या आमच्या बँकेने अट घातली असती, तर कारखान्याने दुसऱ्या बँकेतून कर्ज उचललं असतं. सगळ्याच बँकांना एकच अट असेल, तर मग तो कायदाच झाला. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे."

इथे दोघांच्या भूमिका एकमेकींना टेकल्या, पण एक झाल्या नाहीत. भाचीच्या मते अशी सर्वांना लागू होणारी अट सरकार आपणहून कधीच घालत नाही. आधी काही बँकांनी आणि फंडांनी ती घालून दाखवावी लागते, मग सरकारला धैर्य येते. मामांच्या मते आधीच्या त्या काही जणांचे कौतुक इतके होते की कायद्याची मागणी मागे पडते. लोकांना वाटते, चांगला फंड घेतला, आपले कर्तव्य झाले.

नवा पैसा थेट कामाला लागतो अशा जागाही आहेत, आणि तिथे मामांचा विरोध नव्हता. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे लोकांना विकले. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवायला लागणाऱ्या विजेसाठी जलूद इथे सौर प्रकल्प उभारायचा, हे काम ठरलेले होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७पासून चालते. अशिक्षित बायका बँक कशी चालवणार म्हणून परवाना आधी नाकारला होता. त्या बायका शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. तिथे ठेव ठेवली तर ती भाजी, मेंढरे, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात पडते, हे डोळ्यांनी बघता येते. पण इथेही जपायला हवे. आंध्रात एसकेएस मायक्रोफायनान्स गरीब बायकांना कर्ज देणारी सेवाभावी संस्था म्हणून सुरू झाली आणि ऑगस्ट २०१०मध्ये थाटात शेअर बाजारात उतरली. त्याच ऑक्टोबरात वसुलीच्या जाचाने झालेल्या आत्महत्यांनंतर आंध्र सरकारला सूक्ष्मकर्जाच्या धंद्यावर वटहुकूम काढावा लागला. एसकेएसच्या गुंतवणूकदारांत समाजहिताचे नाव घेणारेही होते.

या लेखकाचा कौल असा आहे. जबाबदार गुंतवणुकीचे नुसते लेबल घेऊन अर्थव्यवस्था अधिक नीतिमान होत नाही, मामा बरोबर आहेत. दक्षिण आफ्रिका असो वा नियमगिरी, शेवटचा शब्द कायद्याचा आणि तिथल्या माणसांचा होता. पण प्रश्न विचारण्याचा हक्क गुंतवणूकदाराने सोडून द्यावा, हे मात्र पटत नाही. नॉर्वेच्या परिषदेने कारणे लिहून ठेवली नसती, तर ओडिशातली तक्रार जगापुढे अधिकृत कागद म्हणून आलीच नसती. ऊसतोड बाईच्या वतीने असा एकही कागद आज आपल्या फंडांकडे नाही, आणि तो तयार करून घेणे आपल्या हातात आहे.

'माझा शेअर बाजाराशी संबंध नाही' असे म्हणण्याची सोय आता पगारदार माणसाला नाही. भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग ऑगस्ट २०१५पासून निफ्टी आणि सेन्सेक्सच्या फंडांत जातो. निफ्टीत आयटीसी आहे, नेस्ले आहे. विम्याचा हप्ता भरणाराही आयुर्विमा महामंडळामार्फत सिगारेटच्या धंद्यात भागीदार आहे. तेव्हा ज्यांची एसआयपी चालू आहे त्यांनी आपल्या फंडाच्या संकेतस्थळावर मतदानाचा तपशील काढून वाचावा. मग फंडाला एक पत्र लिहून विचारावे: तुमच्या यादीतल्या कोणत्या कंपन्या महाराष्ट्रातली साखर घेतात, आणि ती तोडणाऱ्या मजुरांबद्दल तुम्ही त्यांना काय विचारले? सेबी नियम बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध करते आणि कुणाही नागरिकाच्या सूचना घेते. पुरवठादारांच्या माहितीचा मसुदा पुन्हा येईल तेव्हा २ टक्क्यांची अट काढा आणि माहिती सक्तीची करा, एवढे मराठीत लिहून पाठवा.